एका चांदणीचा फोटो

मूर्खपणा आधीच कबूल करून टाकते. शिरोळला माझ्या थोरल्या बहिणीचा, आक्काचा, फोटो काढायला गेले आणि कॅमेऱ्यातली ‘एक चांदणी’ लावून बसले. तेव्हा मी बावन्न वर्षांची होते. म्हणजे अक्कल यायला वेळ मिळाला नव्हता, असंही नाही.

कॅमेरा मुलाने परदेशातून पाठवलेला. साबणाच्या वडीएवढा, रीळ नाही, मागे काडेपेटीएवढा पडदा. तीन चांदण्या लावल्या तर नखाएवढ्या कार्डात सोळा फोटो मावत, एक लावली तर सव्वाशे. सोळा फोटोंसाठी पुण्याहून कोण जातं? स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन मी एसटीत बसले.

कोल्हापुरात उतरले तर ढगांमुळे भरदुपारी दिवेलागणीसारखा उजेड. खानावळीत तांबडा रस्सा मागवला आणि खाण्याआधी त्याचे सहा फोटो काढले. तोवर तो निवला. शिरोळच्या गाडीत शेजारची बाई माझी ऐट बघत होती.

“पावणं, रीळ न्हाय म्हंतासा, मग फोटू ऱ्हातोय कुठं?”

“कार्डात.”

“आन् मोठा कराय गेलं की येतोय का नीट?”

“येतो की,” मी ठोकून दिलं. मला काय ठाऊक होतं?

दोन्हीकडे ऊस, रस्त्यावर ट्रॅक्टरने सांडलेला चिखल. आक्काच्या घराला अजून ओल होती. आदल्या पुरात कृष्णेचं पाणी आत शिरलं आणि ट्रंकेतल्या सगळ्या फोटोंचा लगदा झाला. भिंतीवर उंच टांगलेल्या तिच्या सासूबाई तेवढ्या वाचल्या होत्या. आता आक्काच्या आजारापुढे डॉक्टरांनी हात टेकले होते. ती मात्र भाजी सांगावी तशी म्हणाली, “सासूबाईंच्या शेजारी लावायचा हाय. मोठा काढ. नातवंडं इसरत्यात.”

“जन्मभर सासूच्या हाताखाली, आणि आता शेजारी?”

“मग? म्हातारीला एकटीला करमतंय व्हय?”

काठापदराचं इरकली लुगडं नेसून ती खुर्चीत बसली. बटण दाबलं की कॅमेरा आधी विचार करायचा, मग फोटो काढायचा. तोवर तिने श्वास धरून ठेवला. एक निघाला आणि चारही सेल संपले. त्या चिमुकल्या पडद्यावर ती झकास दिसली.

“बरी हाय की मी,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी नवे सेल मिळाले, पण तिला उठून बसवेना. मी गुऱ्हाळाचे, तिथल्या गुळाच्या काहिलीचे आणि म्हशींचे चाळीस फोटो काढून परतले.

दोन महिन्यांनी ती गेली. शिरोळला जाऊन फोटो मोठा करायला दिला तेव्हा स्टुडिओवाला म्हणाला, “बाई, एक चांदणी लावून काढलाय ह्यो, पाकिटात ठेवायपुरता हाय. मोठा केला की चौकोन निघत्यात.” निघालेच. डोळ्यांच्या जागी काळे तुकडे, ओठांच्या जागी तपकिरी. तरी तेराव्याला तोच भिंतीवर लागला; दुसरा नव्हताच.

पुण्याला परत निघाले तेव्हा बॅग खांद्यावर घेऊन मी त्या फोटोला नाक लावून उभी होते. म्हशी, रस्सा, काहिली सगळं हावरटासारखं गोळा केलं, आणि जिच्यासाठी गेले तिचाच चेहरा आणला नाही. आक्काचे यजमान, माझे दाजी, उंबऱ्यावर बसून होते. माझ्याकडे न बघता म्हणाले,

“जवळनं बघू नगंस. मी बी पैल्यांदा तसंच केलं. हितं ये, उंबऱ्यापाशी बस. हितनं वळकू येती.”