पांढरा फासलेला कंदील

माझी मावशी एका लाँड्रीत वाफेच्या इस्त्रीवर उभी असते. हॉटेलांच्या चादरी, टेबलक्लॉथ, आचाऱ्यांचे कोट. हातांवर कोपरापर्यंत भाजल्याच्या खुणा. लग्न केलं नाही, आणि त्याबद्दल कुणी विचारलेलं तिला खपत नाही. स्वतःसाठी खर्च करताना हात कायम आखडता. पण सणाला खिडकीत कंदील लागलाच पाहिजे. दरवर्षी कागदाचा आणायची, आणि दरवर्षी तो वाऱ्याने फाटायचा नाहीतर दमट हवेने लोळागोळा व्हायचा.

गेल्या वर्षी तिने एकदाचं मनावर घेतलं. हातात पडलेला बोनस घेऊन ती सरळ काचकाम करणाऱ्या कारागिराकडे गेली आणि पितळी चौकटीचा, रंगीत काचांचा कंदील घेऊन आली. चांगला घागरीएवढा. "रंग वरून दिलेला नाही, काचेच्या अंगातच आहे," हे ती आल्यागेल्याला ऐकवायची. "मी म्हातारी होईन, हा नाही होणार."

मामा, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, तेवढा फणकारला. "ताई, डोकं फिरलंय का तुझं? एवढ्यात फ्रिज आला असता!"

"फ्रिज खिडकीत टांगता येतो का?" मावशीने विचारलं.

पण मामाच्या लग्नाचा पंचविसावा वाढदिवस आला, हॉल ठरला, आणि त्याला नेमका हाच कंदील आठवला. "दे ना चार दिवस. फोटोत छान दिसेल." मावशीने तो स्वतःच्या ब्लँकेटमध्ये गुंडाळून दिला.

परत आला तेव्हा मी तिच्याकडेच होते. ब्लँकेट सोडलं आणि दोघी बघतच राहिलो. पांढरा! चौकट, काचा, कडी, सगळ्यावर स्प्रेचा रंग फासलेला. मावशीने फोन लावला, तर मामी हसत म्हणाली, "अहो ताई, सगळी सजावट पांढरी होती ना आमची! आणि आता तर नव्यासारखा दिसतोय."

नव्यासारखा! अहो, तो नवाच होता! एका शब्दाने विचारावंसं वाटलं नाही या लोकांना. एकटी बाई, तिला कशाला हवी असली ऐट, हेच मनात असणार. माझ्या तोंडाचा पट्टा सुरू झाला होता. मावशी मात्र चपला घालून दारात उभी. "उचल तो. चल."

वाटेत तिने रंग काढायला थिनर घेतलं. मामाच्या जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्रं पसरली, कंदील मधोमध ठेवला आणि जुनी फडकी वाटली.

"अगं, नवीन आणून देतो," मामा म्हणाला.

"नवीन नको. माझा दे."

"ताई, आज पाहुणे यायचेत," मामी म्हणाली.

"येऊ देत. त्यांनाही एकेक फडकं देते."

मावशी खुर्ची ओढून बसलीच, तेव्हा दोघांनाही बसावं लागलं. घरभर थिनरचा वास सुटला. आधी लाल काच उघडी पडली, मग पिवळी. मामाला धीर कुठला! त्याने सुरीने कोपरा खरवडला, आणि निळ्या काचेला टचकन तडा गेला.

"जाऊ दे, कुणाला कळणार आहे?" तो म्हणाला.

मावशीचा चढलेला आवाज मी जन्मात पहिल्यांदा ऐकला. "मला कळेल! त्या घरात मी राहते ना? की तिथे कुणी राहतच नाही, असं धरून चालला आहात तुम्ही सगळे?"

मामीचा हात थांबला. "विचारायला हवं होतं, ताई," ती हळूच म्हणाली. मामाने माफी मागितली नाही, अजूनही नाही. मान खाली घालून घासत राहिला, आणि पाहुणे आले तेव्हाही उठला नाही.

निळी काच त्याने स्वतः जाऊन बसवून आणली. तिची छटा जराशी वेगळी आहे, सांध्यांत पांढरट रेघा उरल्यात आणि पितळेची झळाळी कायमची गेली. मला ते दिसलं की अजून तळपायाची आग मस्तकात जाते.

यंदा सणाला कंदील खिडकीत लागला. शेजारीण म्हणाली, "आमच्याकडे द्याल का दोन दिवस?"

"बघायला या, चहा देईन," मावशी म्हणाली. "न्यायचं नाव काढू नका."