डालग्याखालचा असील

आमच्या परसामागचे भाऊ खोटं बोलत नाहीत. अंडी घ्यायला गेलं, की स्वतःच सांगतात, "हे नोको नेऊ बाई, जुनं हाये."

त्यांच्या गावरान कोंबड्या अंगणभर फिरतात. जातीच्या पिल्लांसाठी पाळलेला झुंजार असील कोंबडा मात्र वेगळ्या डालग्याखाली, बांबूच्या टोपलीत झाकलेला, कारण दुसरा कोंबडा दिसला की तो जिवावर उठतो. संध्याकाळी बाकीच्यांना कोंडून भाऊ त्याला एकट्याला मोकळं सोडतात.

परवा कोंबड्यांच्या पायाला सुरी बांधून झुंजी लावणारा एकजण असील विकत मागायला आला.

"काना हाये तो," भाऊ म्हणाले. "एकाच डोळ्यानं दिसते त्याले."

माणूस गेल्यावर भाऊंनी डालगं उचललं. असील दोन्ही डोळे वटारून त्यांच्याकडे बघत होता.

"असा पाहू नोको," त्याला मांडीवर घेत भाऊ पुटपुटले, "चुकलो बापा, तुले काना म्हनलो."