ताडपत्रीखालचं यंत्र

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी कोल्हापुरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवत होतो आणि नोकरी सांभाळून एम. ई. करत होतो. माझा विषय सूर्याची उष्णता मेणात साठवण्याचा. दिवसा काचेखालच्या नळ्यांतलं पाणी उन्हानं तापायचं, त्या पाण्यानं टाकीतलं मेण वितळायचं आणि ऊन उतरल्यावर मेण गोठताना ती उष्णता परत द्यायचं. त्यासाठी कॉलेजच्या गच्चीवर झकास यंत्र उभं राहिलं. मार्च ते मेमधल्या लख्ख उन्हातली तापमानं टिपायची, जूनअखेर प्रबंध द्यायचा. नाही जमलं तर वर्ष वाया.

पण हार-नारळ झाल्याशिवाय नव्या वस्तूला हात लावायचा नाही, ही आमच्याकडची रीत. विभागप्रमुखांनी, माझे मार्गदर्शकही तेच, एका पुढाऱ्यांना उद्घाटनाचं निमंत्रण दिलं आणि तोवर काच मळू नये म्हणून यंत्रावर ताडपत्री बांधली. पुढारी आधी जोतिबाच्या यात्रेत अडकले, मग लग्नसराईत. ऊन डोकं फोडत होतं आणि उन्हावर चालणारं आमचं यंत्र सावलीत गारेगार पडून होतं.

एकदा शिपाईमामांनी विचारलं, "सर, उन्हाचंच यंत्र हाय न्हवं हे? मग उनातनं झाकून का ठिवलंय?"

मी हा प्रश्न प्रमुखांकडे नेला. त्यांनी मला पाहुण्यांचा मान म्हणजे काय ते अर्धा तास समजावलं. ताडपत्रीची दोरी मला सोडता आली असती. माझी छाती झाली नाही.

जूनमध्ये पुढाऱ्यांना सवड मिळाली. आभाळ गच्च भरलेलं. पाहुणे नळ सोडणार म्हणजे पाणी गरमच यायला हवं. प्रमुखांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी घरचा अंघोळीचा हीटर रॉड आणून पाण्यात सोडला. पाहुण्यांना चांगला चटका बसला. कोल्हापूरचं ऊन ढगाआडूनही इंगा दाखवतं, असं ते भाषणात म्हणाले. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

पाहुणे गेल्यावर प्रमुख म्हणाले, "आजचीच तापमानं घाला की प्रबंधात. झ्याक आल्यात."

घातली. मार्च ते मेची बाकीची तापमानं टेबलाशी बसून रचली. परीक्षकांनी आलेखाचं तोंडभरून कौतुक केलं आणि मला पदवी मिळाली. लाज वाटली, पण पेढे वाटलेच.

त्या प्रबंधाची ग्रंथालयातली प्रत मी कैक वर्षं माझ्याच कपाटात कुलूप घालून ठेवली. विद्यार्थी मागायला आले की सांगायचो, कुणीतरी नेलीय.