खिचडीनं चुकवलेली तारीख

देवावर माझी श्रद्धा आहे, पण आमचं सरळ कधी जमलं नाही. भांडण माझ्याच बाजूनं असतं. त्या दिवशी मद्रासच्या दवाखान्यात तर मी त्याला नको नको ते बोलले, आणि तेच सांगायला बसले आहे.

यांच्या हृदयाची झडप अरुंद झाली होती. मद्रासजवळच्या आवडी गावात यांचा कारखाना, तिथं जिना चढताना धाप लागायची, रात्री उशीला टेकून बसावं लागायचं. ऑपरेशन ठरलं, त्याआधी अँजिओग्राम, आणि तो नीट झाला की त्याच आठवड्यात झडप मोकळी करायची. दोन महिने वाट पाहून मिळालेली अँजिओग्रामची तारीख नेमकी संकष्टीची निघाली. रात्रीपासून पोटात काही जाता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी दहादा सांगितलं. पण सोबतीला साताऱ्याहून माझ्या नणंदबाई आलेल्या. मी पहाटे अंघोळीला गेले तेवढ्यात त्यांनी भावाला वाटीभर साबुदाण्याची खिचडी खाऊ घातली, आणि मला दोघांनीही सांगितलं नाही.

दवाखान्यात नर्सनं विचारलं, शेवटचं कधी खाल्लं? हे अभिमानानं म्हणाले, "काही नाही, उपवास आहे. पहाटे फक्त जव्वरिसी." साबुदाण्याला तिकडे जव्वरिसी म्हणतात, त्यामुळे नर्सला बरोबर कळलं. तिनं यादीतलं नाव खोडलं. पुढची तारीख तीन आठवड्यांनी.

माझा संयम सुटला. "अहो, खायचं नाही म्हणजे खायचं नाही! त्यात फराळ कुठून आला?" हे म्हणतात, "अगं, ताईनं दाण्याचं कूटसुद्धा कमी घातलं होतं." काय बोलावं या माणसाला? आवारात पिंपळाखाली पिळ्ळैयार, म्हणजे आपला गणपतीच, बसलेला. दवाखान्याच्या दारातूनच त्याच्याकडे पाहून मी मोठ्यानं म्हणाले, "तुझ्याच उपवासानं घात केला ना! तीन आठवडे हा माणूस तग धरेल का, ते तरी सांग." रडू आलं ते रागानंच.

"कां हो बाई, इतकं रागवतां?" मागून मराठी ऐकू आली. जुन्या पोथीतल्यासारखी, वर तमिळ हेल. पांढरा कोट घातलेल्या पन्नाशीच्या बाई, तंजावरकडच्या मराठी घरातल्या. इकोच्या खोलीत त्या काम करायच्या. खिचडीची हकिकत ऐकून त्या पोट धरधरून हसल्या. मला संताप आला. मग त्यांनी आमची फाइल चाळली. इको चार महिन्यांपूर्वीचा होता. "एक पेशंट आलाच नाही. आलां आहां तर पुन्हा काढूं. याला पोट रिकामं लागत नाही." आणि डॉक्टरांना विचारूनही आल्या.

यांना डाव्या कुशीवर निजवलं. बाई छातीवर यंत्र फिरवत होत्या, बडबडत होत्या. मग एकाच जागी त्यांनी ते पुन्हा पुन्हा फिरवलं. त्यांनी डॉक्टरांना बोलावलं. हृदयाच्या डाव्या कप्प्यात रक्ताची गाठ धरली होती, पडद्यावर भिंतीला चिकटलेली दिसत होती. ऑपरेशनमध्ये सर्जनचं बोट त्याच कप्प्यातून झडपेपर्यंत जाणार होतं. गाठीचा तुकडा सुटला असता तर मेंदूत गेला असता. अँजिओग्राममध्ये ती दिसली नसती का, असं मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "दिसलीही असती, नसतीही."

मी यावर वाद घालत नाही. तीन महिने रक्त पातळ करायच्या गोळ्या घेतल्या, गाठ विरघळली, त्याच बाईंनी ती गेल्याची खात्री केली आणि मग ऑपरेशन झालं. आज हे जिना चढून वर येतात आणि चहा मागतात.

त्या दिवशी परतताना चपला काढून पिळ्ळैयारासमोर उभी राहिले. हात जोडले की देवावर भार टाकला, असं मला वाटायचं. मी तर भार टाकलाच नव्हता. हातातून सुटलं म्हणून आदळआपट करत होते, आणि त्यानं ते सुटलेलं तेवढ्यात सांभाळलं होतं. न मागता, वर माझ्या शिव्या खाऊन.

दर संकष्टीला मी खिचडी करते. हे दुसऱ्यांदा वाटी पुढे करतात, माझी कटकट सुरू होते, आणि मी वाटी काठोकाठ भरते.