फुनाबोरीतली सोनारीण राजकन्या

“काच! कुरुकारुनि-सान, काच! आज काच नाही!” आमच्या इमारतीचे केअरटेकर मुराता-सान भर गल्लीत ओरडत होते आणि त्यांच्या हातात माझी लोणच्याची रिकामी बरणी होती. मी, म्हणजे कुलकर्णी-सान, ती जळणाऱ्या कचऱ्याच्या पिशवीत टाकली होती. जपानमध्ये माणूस एकवेळ खून करून सुटेल, पण मंगळवारी बरणी टाकून सुटायचा नाही. तोक्योतल्या फुनाबोरीची ती गल्ली इतकी शांत, की त्यांच्या आवाजाने सायकलींच्या घंट्या आपोआप वाजल्या असतील. मी मान खाली घालून ‘सुमिमासेन, सुमिमासेन’ असा माफीचा जप करत होते. तेवढ्यात ते मध्येच थांबले. बरणी हलकेच जमिनीवर ठेवली, कमरेत वाकले आणि आवाज अगदी खाली आणून म्हणाले, की तीनशेदोनच्या आमालिया-सान काल दुपारी हॉस्पिटलमध्ये वारल्या... मग सरळ झाले, बरणी उचलून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, काच गुरुवारी. गुरुवारी तर मी आमालियाबाईंकडे जायचे.

या गोष्टीला आता पाच आठवडे झाले.

आमालियाबाई म्हणजे राजकन्या. खरीखुरी, युरोपातली. मी सांगतेय म्हटल्यावर ऐकणारा निम्मं वजा करतो, आमच्या घरी तर तो रिवाजच आहे. पण हे वजा करू नका. त्यांचे पणजोबा एका देशाचे राजे होते. देश एवढासा, की राजेसाहेब शिंकले की शेजारच्या दोन देशांतून ‘शतायुषी व्हा’ ऐकू यायचं. पहिल्या महायुद्धानंतर गादी गेली, मागोमाग महाल गेला, आणि आमालियाबाई जन्मल्या त्या भाड्याच्या तीन खोल्यांत. तिथे अधूनमधून एक सोनार यायचा, जेवणाच्या टेबलावर आजीचा मुकुट ठेवायचा आणि चिमट्याने एक खडा काढून घेऊन जायचा. तेवढा वेळ घरातले सगळे खिडकीबाहेर बघत बसायचे. ही एकटी पोर चिमट्याकडे बघायची. खडे कोणत्या रंगाचे होते हे त्यांना पुढे आठवत नव्हतं, त्या सोनाराचे हात मात्र आठवत होते. त्या हातांच्या मागे लागून त्या दागिने घडवायला शिकल्या आणि चांदीत तांबं मिसळणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे सहा महिने उमेदवारी करायला म्हणून तोक्योला आल्या. त्या सहा महिन्यांची तीस वर्षं झाली. लग्न केलं नाही. कारागीर वारला, त्याची ऐरण तेवढी तीनशेदोनमध्ये आली.

आम्ही तिथे राहायला गेलो त्या वर्षी पुण्यातून इंजिनियर असे येत होते, की नारिताला विमानातून आधी कुकर उतरायचे आणि मग माणसं. आमचे श्रीकांत सकाळी सातला बँकेच्या प्रोजेक्टवर जायचे, इरा शाळेत, आणि मी घरात. मी फ्रीजशी बोलायचे. फ्रीज जपानी, तोही नुसता ‘हं, हं’ करायचा. मुलगी घरी आली की मी मराठीत विचारायचे, ती जपानीत उत्तर द्यायची, आणि दोघींनाही वाटायचं की बोलणं झालं...

अशात एक दिवस सायकलच्या हँडलमध्ये अडकून माझं मंगळसूत्र वाढवलं. ‘तुटलं’ हा शब्द तोंडातून काढायची आपल्याकडे सोय नाही. अंधाऱ्या विहिरीत ढकललं तरी मी तो काढणार नाही. खालच्या बाकावर मणी गोळा करत बसले होते, तर ही उंच, पांढऱ्या केसांची बाई वाकून माझ्याबरोबर मणी शोधायला लागली. काय झालं म्हणून तिने इंग्रजीत विचारलं. मी आमच्या शाळेतल्या इंग्रजीला स्मरून सांगितलं, “इट हॅज इन्क्रीज्ड.” बाईंनी गंभीरपणे मान हलवली, सगळे मणी रुमालात बांधून घेतले आणि आठवड्याने परत आणून दिले. चांगलं वीतभर वाढवून! काळे मणी त्यांनी आसाकुसाबाशीच्या बाजारात उभं राहून एकेक पारखून आणले होते. ते मंगळसूत्र घालून मी आमटी ढवळायला वाकले, तर वाट्या आधी आमटीत. तरी मी कुठली गप्प बसायला? असं काम पेशव्यांच्या सोनारालाही जमलं नसतं, असं तोंडभरून सांगितलं, मंगळसूत्र कपाटात ठेवलं आणि तुळशीबागेतलं खोटं घालून हिंडू लागले.

महिन्याभराने स्टेशनच्या सायकलतळावर त्यांनी माझ्या गळ्याकडे पाहिलं. रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “तुला माझ्या पणजोबांशी काही देणंघेणं नाही, म्हणून वाटलं होतं तू खरं सांगशील.”

मग मी त्यांना ‘वाढवणं’ समजावलं. बांगडी फुटली तर वाढवली, दुकान बंद केलं तर वाढवलं. त्या हसता हसता सायकलीवर रेलल्या, पाच-सहा सायकली आडव्या झाल्या. मी सांगताना पन्नास सांगते. म्हणाल्या, म्हणजे आमचं राज्यही वाढलंच म्हणायचं.

त्यांचं दुःख वेगळंच होतं. शहरातलं एक बडं दुकान त्यांचे दागिने विकायचं आणि प्रत्येक डबीवर त्यांच्या घराण्याचं चिन्ह छापायचं. लोक डबी घ्यायचे. आतलं कसं आहे, हे त्यांना तीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. जे करावं ते लोकांच्या तोंडी सुंदरच. सत्तरी आली, आणि आपल्याला हे काम येतं की नाही हेच त्यांना ठाऊक नव्हतं. म्हणून आमचा गुरुवार ठरला. त्या नवा दागिना समोर ठेवायच्या, मी मत द्यायचे, आणि पसंत नसेल तो त्या लगेच वितळवायच्या.

आता पुणेकर बाईला तोंडावर वाईट म्हणायला जमतं, असा लोकांचा समज आहे. मला नाही जमत. नावडलं की मी म्हणायचे, “छान आहे.” आवडलं तर मात्र सुटायचे: हे बघून लक्ष्मी रस्त्यावरचे सोनार दुकानं टाकून हिमालयात जातील, कोल्हापूरची अंबाबाई स्वतः विमानाचं तिकीट काढेल. बाईंनी तीन गुरुवारांत ही भाषा ओळखली. मी ‘छान’ म्हटलं रे म्हटलं, की त्या उठून गॅसची बत्ती पेटवायच्या. माझ्या घरात मी तोंड उघडलं की श्रीकांत म्हणायचे, चल, निम्मं वजा. त्या खोलीत कुणी काही वजा करत नव्हतं. माझ्या बढाईवर आयुष्याचा हिशेब मांडून बसलेलं ते एकच माणूस मला भेटलं.

शेवटच्या गुरुवारी त्यांनी चहा ओतता ओतता आजाराचं सांगितलं. डॉक्टर म्हणाले होते, साकुराचा बहर बघाल, पुढचं सांगता येत नाही. हे त्यांनी कचऱ्याचे वार सांगावेत तसं सांगितलं आणि माझ्यासमोर एक चांदीचं कडं ठेवलं. खडा नाही, नक्षी नाही. नुसतं एका जागी कुणी अंगठ्याने हळूच दाबावं तसा खळगा. मी त्यात माझा अंगठा ठेवून पाहिला, बसला. आयुष्यात इतकी सुंदर वस्तू मी हातात धरली नव्हती, आणि यातला एक शब्दही वजा करायचा नाही. सांगायला किती होतं! अंबाबाई होती, सगळे सोनार होते, हिमालय होता. पण मी त्या खळग्यातला अंगठा काढलाच नाही, आणि तोंडाला आले ते दोनच शब्द.

“छान आहे,” मी म्हणाले.

त्यांनी कडं उचललं, फडक्याने पुसलं आणि माझ्या कपात अजून थोडा चहा घातला.

मी काय बोलून बसले, हे संध्याकाळी कणीक मळताना लक्षात आलं. म्हटलं, पुढच्या गुरुवारी जाऊन सगळं सांगू, दुप्पट सांगू. पुढच्या गुरुवारी इराला ताप होता. त्याच्या पुढच्या गुरुवारी बाई हॉस्पिटलमध्ये होत्या, आणि नातेवाइकांशिवाय कुणाला आत सोडत नव्हते. मी नातेवाईक नव्हते. तीनशेसातमधली बाई होते.

परवा त्यांची खोली रिकामी झाली. युरोपातून भाचा आला होता, भला माणूस, बूट कुठे काढायचे ते न कळून दाराबाहेरच मोज्यांवर उभा. ऐरण कुणाला द्यायची, हे तो मलाच विचारत होता. खोक्यांतल्या सगळ्या डब्या मी उघडून पाहिल्या. शेवटी यादी घेऊन उभ्या असलेल्या मुराता-सानना विचारलं, एक साधं कडं होतं, इथे असा खळगा असलेलं, ते दिसत नाही.

“ते वितळवलं,” ते म्हणाले. “तुम्ही गेलात त्याच दुपारी. त्यांना बत्ती एकट्याने धरवत नव्हती, म्हणून मी शेजारी उभा होतो. आगीचा नियम आहे.”