न्योकीचा उच्चार

"आई, ग्नोची काय म्हणतेस! न्योकी म्हणतात त्याला, न्योकी," शेजारच्या टेबलावरचा तरुण हसत म्हणाला, तेही आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. ऑर्डर घ्यायला उभा असलेला वेटरही हसला. त्याच्या आईने चष्मा काढला, मेन्यू मिटला आणि "तूच सांग बाबा," म्हणून तो त्याच्यापुढे सरकवला. माझ्या डोक्यात तिडीक गेली. अरे, एका इटालियन पास्त्यापायी आईची चारचौघांत शिकवणी घेतोस? आणि तुझा उच्चार तरी तुझा कुठे, इंग्रजी व्हिडिओ बघून घोटलेला!

बशी आली. आईने एक तुकडा उचलला आणि त्यावरच्या रेघांवरून अंगठा फिरवला. त्या अंगठ्याला हे काम ठाऊक होतं. लग्नाआधी बायका घोळक्याने बसतात आणि भिजवलेल्या रव्याच्या इवल्या गोळ्या नखाने दाबून खिरीसाठी ताटंच्या ताटं भरतात. मीही बसले आहे त्या घोळक्यात.

"अगदी आपल्या नखुल्या रे," ती हळूच म्हणाली.

उच्चार अचूक होता. मुलाने फोनमधून मानही वर केली नाही.