मी धुतलेले अकीक

प्रा. बिराजदार सरांची आणि माझी पहिली भेट सोलापुरातल्या आमच्या कॉलेजात, भूशास्त्राच्या पहिल्याच तासाला झाली. सरांनी हातातला अकीक वर धरून विचारले, "असा दगड कुणी पाहिलाय?" मी सांगोल्याकडच्या मेंढपाळाचा पोरगा. बोलून गेलो, "आमच्या माळावर लई पडल्यात की, सर!" वर्ग हसला. सर हसले नाहीत. "उद्या घेऊन ये," म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी आणलेले दगड टेबलावर मांडून त्यांनी तासभर त्यांवरच शिकवले. त्या दिवसापासून मी सरांचा झालो.

पुढे सरांनी काही वर्षे बोट्स्वानात अध्यापन केले. तिथल्या कोरड्या गवताळ मुलखात एका जुन्या, आटलेल्या सरोवराचा तळ आहे. पावसात घोटाभर पाणी, एरवी नजर पोचेल तिथवर पांढरे मीठ. सुट्टीत सर तो तळ तुडवीत आणि अकीक वेचत. आपल्याकडच्यासारखेच तेही लाव्हाच्या पोकळीत घडलेले. पण सरांना हवी होती त्यांच्यावर बसलेली मिठाची पुटे. सरोवर कसकसे आटत गेले, हे त्या पुटांवरून वाचता येईल, असे त्यांचे म्हणणे होते. परतताना त्यांनी निम्मे कपडे तिथेच वाटून टाकले आणि ट्रंकभर दगड आणले.

मी तेव्हा प्रयोगशाळेत सहायक होतो. कॉलेजात पाहुणे येणार होते. सरांचे नाव व्हावे म्हणून, कुणी न सांगता, मी सगळे अकीक नळाखाली धरले, ब्रशने खसाखसा घासले आणि ओळीने मांडले. काय चमकत होते! सर आले. एक दगड उचलून त्यांनी जिभेला लावला. मग दुसरा. मग तिसरा. "अळणी झालं की रे," एवढेच म्हणाले आणि खुर्चीवर बसले. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अक्कल गहाण ठेवली होती मी, दुसरे काय!

पाहुण्यांना सरांनी सांगितले, "प्रवासात ट्रंकेत पाणी शिरलं, मीठ गेलं. माझाच हलगर्जीपणा." मी शेजारीच उभा होतो. तो शोधनिबंध कधीच झाला नाही, आणि सरांना पुन्हा तिकडे जाणेही जमले नाही. "आफ्रिकेचं मीठ कुठं सांडलं, सर?" अशी चेष्टा आपण सगळ्या विद्यार्थ्यांनीच केली आहे. सर हसायचे. मीही, निलाजऱ्यासारखा, तुमच्यात हसायचो.

बार्शीच्या कॉलेजातल्या मुलाखतीला सरांनी मला स्वतःच्या स्कूटरवरून नेले. वाटेत वैरागला चहा पाजला. शिफारसपत्रात त्यांनी लिहिले होते, "नमुने जिवापाड जपतो." ते वाचून मी बाहेर जाऊन रडलो. नोकरी मात्र घेतली.

सरांच्या या गौरवग्रंथासाठी लिहायचे ठरले, तेव्हा जुळे सोलापुरातल्या त्यांच्या घरी जाऊन म्हणालो, "सर, आता खरं काय ते लिहितो." सर म्हणाले, "कशाला? लोक तुला नावं ठेवतील की." पंचाहत्तरीतही काळजी माझीच! सर, आयुष्यात प्रथमच तुमचा शब्द मोडतो आहे. मित्रहो, ट्रंकेत पाणी शिरले नव्हते. मीठ मी धुऊन टाकले.

सर, तुम्हाला उदंड, निरोगी आयुष्य लाभो आणि आवाज असाच खणखणीत राहो. त्या दिवशी तुम्ही मला रागावला नाहीत. ते रागावणे मला अजून हवे आहे.